पवित्र वाटा

मांडवांच्या सणाची गर्दी, त्यामुळे यरुशलेमेत गीहोन झऱ्यावर रांग लागली होती. माझ्यापुढे याजक मल्कीया आणि नुकतीच विधवा होऊन माहेरी परतलेली त्यांची लेक हमूटल घागरी घेऊन उभे होते.

“कालही जेवली नाहीस.”

“भूक नव्हती, बाबा.”

“मंदिरातून आलेला पवित्र वाटा आहे तो. कोणाच्या नशिबात असतो?”

“याजक नसलेल्या घरी दिलेल्या मुलीला तो चालत नाही. तुम्हीच सांगायचात.”

“नवरा होता तोवर. आता तो नाही, पदरी मूल नाही. म्हणजे तू पुन्हा याजकाची लेक. नियमच आहे तसा.”

“आणि मूल असतं तर?”

“तर ते त्यांच्या घराण्याचं. मग तुला एक घासही चालला नसता.”

“मग नाहीच चालत, बाबा.”

“अगं, पण मूल आहे कुठं?”

“यायचंय.”

रांग पुढे सरकली. मल्कीया सरकले नाहीत.

“जावईबापूंना कळलं होतं?”

“सांगितलं होतं. हसले होते.”

मल्कीयांनी तिच्या हातातली घागर काढून घेतली आणि मागे वळून मला विचारलं,

“बाई, इथं मसूर कुठं मिळतील? साधे हवेत. पवित्र नकोत.”