करोल बागेतला मद्रासी

अरे, दिल्लीत करोल बागेतली खोली माझ्या रंगामुळे हातची जात होती. मी लातूरचा, पण काळा. मित्र मुरली मदुराईचा, पण गोरा आणि हिंदीत पक्का. टीव्हीवर कुणी नेता देश एक असल्याचं सांगत होता. घरमालक अंकल मला बघून म्हणाले, "मद्रासी को नहीं देते."

"अंकल, मैं महाराष्ट्र से हूँ."

"सब यही कहते हैं."

मुरली शांतपणे म्हणाला, "लड़का शरीफ है. मेरी गारंटी."

खोली मिळाली. आता रविवारी अंकल तमिळ गाणी लावतात आणि मला अर्थ विचारतात. मुरली मागून कुजबुजतो, मी मोठ्यानं सांगतो.

परवा अंकल मुरलीला म्हणाले, "देखा? ज़बान खून में होती है. तू सात जनम में नहीं सीखेगा."