लांबून दिसणारं अक्षर

(फोनवर. ताई आईच्या घरासमोरच्या रस्त्यावर उभी. भाऊ दुसऱ्या गावात, आपल्या कामाच्या टेबलाशी; छपाईसाठी अक्षरांचे फॉन्ट काढणं हे त्याचं काम.)

ताई : ...अरे, डोळ्यांवर चष्मा नव्हता आईच्या! रस्त्यापलीकडून ओळखलं.

भाऊ : काय ओळखलं?

ताई : तुझं अक्षर. जाड, काळं, ठसठशीत. कोपऱ्यावरच्या भिंतीवर पालिकेचा भलामोठा कागद लागलाय. आईनं शेजारच्या काकूंना हाताला धरून ओढत नेलं. "बघा, हे माझ्या लेकानं काढलंय!"

भाऊ : मग?

ताई : मग काय! काकूच म्हणाल्या, अहो, पण लिहिलंय काय ते तरी वाचा.

भाऊ : लिहिलंय काय, ताई?

ताई : रस्ता रुंद होणार. खाली नंबर दिलेली घरं पाडणार. महिनाअखेर रिकामी करा.

भाऊ : आपलं...?

ताई : आहे.

भाऊ : पालिकेवाले मला पाट्यांसाठी म्हणाले होते गं. दवाखाने, बसथांबे... म्हाताऱ्या माणसांना लांबून दिसावं म्हणून. नक्षी नको, शेपट्या नकोत. आणि प्रत्येक अक्षराला सारखीच जागा. किडकिडीत 'र' असो की ऐसपैस 'क्ष', कुणाला इंचभर कमी नाही.

ताई : अक्षरांची सोय झाली म्हणायची.

भाऊ : बोल, बोल. मी उद्याच येऊन पालिकेतल्या साहेबांना भेटतो.

ताई : मी आत्ताच तिथून आले. म्हटलं, हे अक्षर माझ्या भावाचं आहे. तर खूश झाले रे! म्हणाले, फार उपयोगी पडतं. आता कुणी 'आम्हाला दिसलंच नाही' म्हणत नाही.

भाऊ : आईला माझ्याकडे पाठव.

ताई : कुठे ठेवशील? दोन खोल्यांत तुम्ही चौघं, वर तुझ्या सासूबाई. आणि माझ्या घरी काय चालतं ते तुला ठाऊक आहे. उगाच तोंडदेखलं बोलू नकोस.

भाऊ : तोंडदेखलं नाही गं...

ताई : थांब, आई फोन मागतेय.

आई : बाळा, जेवलास का?

भाऊ : आई, मला खरंच माहीत नव्हतं गं.

आई : अरे, ते राहू दे. एक सांग मला. हे घरांचे नंबर आहेत ना, एकाखाली एक, अगदी ओळंब्यात. त्यातला तो शेवटचा, ताई म्हणते नऊ आहे, आपला. मला एक वाटतो. एक नंबरात तर कुणी राहतही नाही आता. ताईला काय कळतंय अक्षरातलं! तू सांग. एकच असेल ना?

भाऊ : आई... एक आणि नऊ यांची गल्लत होते, अशी लोकांची तक्रार होती. म्हणून नऊचं पोट मुद्दाम मोठं काढलंय मी.

आई : म्हणजे?

भाऊ : मोठं पोट आहे ना त्याला?

आई : आहे.

भाऊ : मग नऊच आहे, आई.

आई : बरं. आवरायला घेते मग.