हिगाकीचा ग्लोव्ह फुगतो

(मात्सुयामाचं स्टेडियम. सप्टेंबरातला रविवार, दुपार. तोफूचं दुकान चालवणारे तेत्सुजी आणि किनुए हे नवराबायको तिसऱ्या बेसच्या बाजूला, पाहुण्या बुल्स संघाच्या चाहत्यांत बसले आहेत. शेजारी साकाईहून आलेला बुल्सचा चाहता हानावा.)

तेत्सुजी : ...आणि वर मला आणून बसवलंस कुठे, तर शत्रूच्या मांडीवर!

किनुए : तिकडच्या जिन्याला कठडा नाही. मागच्या खेपेला तुमची पायरी चुकली आणि एका बाईच्या गरम नूडल्समध्ये हात घातलात. विसरलात?

तेत्सुजी : अडतीस वर्षं पहिल्या बेसच्या बाजूला बसलो मी. अडतीस वर्षं!

किनुए : तेव्हा दिसत होतं.

तेत्सुजी : ...बरं. आता बॅट घेऊन कोण आलंय?

किनुए : एक जाडा.

तेत्सुजी : नंबर सांग बाई. जाडे पाच आहेत त्यांच्यात.

किनुए : चव्वेचाळीस.

हानावा : माएगावा! काका, जाडा म्हणा, काही म्हणा, पण जपून. यंदा एकट्या तुमच्याविरुद्ध सात होमरन ठोकलेत त्यानं. घ्या, ताकोयाकी घ्या. ऑक्टोपसचे गोळे, गरम आहेत.

तेत्सुजी : बुल्सवाल्याच्या हातचं मी खात नाही.

किनुए : मी खाते. द्या.

हानावा : काकू समजूतदार आहेत. काका, खरं सांगा, तुमचे क्रेन्स आम्हाला बघून असे का गळपटतात? बाकीच्यांना तर धू धू धुतात.

तेत्सुजी : तेच तर! आकडे ऐका. बाकीच्या चार संघांविरुद्ध यंदा बत्तीस जिंकलो, अकरा हरलो. बुल्सविरुद्ध? चौदा खेळलो, तीन जिंकलो. आणि हा हिगाकी, हा आत्ता चेंडू टाकतोय तो, बाकीच्यांविरुद्ध नऊ विजय, एक पराभव. तुमच्याविरुद्ध पाच पराभव. विजय शून्य.

हानावा : वहीत लिहून ठेवता की काय?

किनुए : आता मी लिहिते. ते सांगतात, मी लिहिते. रात्रीचं जेवण झालं की भांडी बाजूला आणि हे सुरू.

तेत्सुजी : रेडिओ काय झालं ते सांगतो. का झालं ते सांगत नाही. मला ‘का’ हवंय. आधी वाटलं, वारा. मग वाटलं, त्या दिवशी मी उदोन नूडल्स खातो म्हणून. चार सामने उपाशी बसलो, तरी हरलो.

हानावा : (मोठ्यानं हसत) आज काय खाल्लंत?

किनुए : आज माझं डोकं. अहो, हानावासान, जरा सरका, मला दिसत नाही.

तेत्सुजी : काय बघतेस इतकं? तुला तर बेसबॉलमध्ये जांभया येतात.

किनुए : येतातच. पण तो हिगाकी त्याचा ग्लोव्ह असा का फुगवतो?

तेत्सुजी : कसा?

किनुए : छातीशी धरतो ना, चेंडू आत लपवून? कधी तो ग्लोव्ह मिटलेला असतो, शिंपल्यासारखा. कधी मनगटापाशी असा उघडतो. आतमध्ये मांजर कोंबल्यासारखा.

तेत्सुजी : ...परत सांग.

किनुए : आत्ता बघा, फुगला. म्हणजे, तुम्ही नका बघू. मी सांगते. फुगला.

तेत्सुजी : आवाज आला. ‘थप्प’. खालून, जमिनीजवळून. तो बेचक्याचा चेंडू होता.

किनुए : म्हणजे?

तेत्सुजी : दोन बोटं फाकवून बेचक्यात धरायचा. फलंदाजापाशी येईपर्यंत सरळ वाटतो, मग खड्ड्यात पडल्यासारखा खाली जातो. हिगाकीचं हुकमी हत्यार ते. फलंदाज हवेत बॅट फिरवतो आणि तोंडावर पडतो. त्या जाड्यानं फिरवली?

किनुए : नाही. नुसता उभा राहिला. बस येत नाही तोवर उभं राहावं तसा.

तेत्सुजी : किनुए, पुढच्या प्रत्येक चेंडूला सांग. नुसतं ‘फुगला’ किंवा ‘मिटला’.

किनुए : मिटला.

तेत्सुजी : ‘फट्’. सरळ, वेगाचा.

किनुए : मिटला.

तेत्सुजी : सरळ. आणि त्यानं मारला. ऐकला मी.

हानावा : भिंतीपर्यंत! पळ रे माएगावा, पळ! वा! काकू, तुमच्या तोंडात साखर... म्हणजे, घ्या, अजून एक ताकोयाकी घ्या.

तेत्सुजी : थांबा. एक मिनिट सगळे गप्प बसा. हा तिसऱ्या बेसपाशी उभा राहून ओरडणारा कोण आहे?

किनुए : तुमच्या नाकासमोर, मैदानात आहे. टोपीवाला, पोट पुढे आलेला. बुल्सचा माणूस.

तेत्सुजी : तो दोन आरोळ्या मारतो. कधी ‘चल रे’, कधी ‘नीट बघ’. ‘नीट बघ’ म्हटलं की पाठोपाठ ‘थप्प’ येतो. दर वेळी. मला वाटत होतं योगायोग असेल.

किनुए : त्याला दिसतो ग्लोव्ह. जसा मला दिसतो.

तेत्सुजी : अडतीस वर्षं पलीकडे बसलो मी. पलीकडून पिचरची पाठ दिसते गं. नुसती पाठ.

हानावा : काका... काकू... हे बघा, मी काही ऐकलं नाही. मी कान साफ करत होतो.

तेत्सुजी : ही चोरी नाही हो. तुमच्या माणसानं डोळे उघडे ठेवले, इतकंच. चूक आमच्या पोराची आहे.

हानावा : मग आता तुम्ही काय करणार?

किनुए : आता आम्ही हरणार. आठ-दोन झालंय, सातवा डाव संपतोय, आणि तुमचा अजून एक जाडा आला.

(बुधवार, सकाळ. क्रेन्सच्या सरावाच्या मैदानाचं मागचं फाटक. किनुएच्या हातात तोफूचा डबा, दुसऱ्या हातात तेत्सुजीचा हात.)

किनुए : क्रेन्सच्या ऑफिसातल्या त्या मुलीनं फोनवर किती गोड सांगितलं, ऐकलंत ना. ‘आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत.’ दोन्ही दिवस तेच.

तेत्सुजी : तिला दिवसाला चाळीस म्हातारे सूचना देत असतील. मीच पूर्वी महिन्याला एक देत होतो.

किनुए : आणि इथं येऊन आपण एक्केचाळिसावे. मला लाज वाटते हो. तोफू विकणारी बाई, आणि पिचरला चेंडू टाकायला शिकवणार.

तेत्सुजी : वीस वर्षं यांच्या वसतिगृहाला तोफू देतोय आपण. फाटकावर उभं राहायचा तेवढा हक्क आहे.

किनुए : आला. तोच आहे. उंच आहे की! हिगाकीसान! जरा थांबाल का?

हिगाकी : सही हवी का काकू? द्या, कुठे करू?

किनुए : सही नको. तुमचा ग्लोव्ह फुगतो.

हिगाकी : काय?

किनुए : बेचक्याचा चेंडू धरताना. मनगटापाशी उघडतो. बुल्सच्या माणसाला दिसतं, तो ओरडून फलंदाजाला सांगतो.

हिगाकी : काकू, रागावू नका. रविवारी सहाव्यांदा हरलो त्यांच्याकडून. तेव्हापासून बसवाला, न्हावी, माझ्या बायकोची मावशी, प्रत्येक जण मला शिकवतोय. मावशी म्हणते रताळी खा. आमच्या प्रशिक्षकांनी शंभर वेळा फिल्म बघितली. काही सापडलं नाही.

तेत्सुजी : फिल्म कुठून काढलेली असते?

हिगाकी : पाठीमागून. आणि समोरून.

तेत्सुजी : तिसऱ्या बेसकडून?

हिगाकी : ...नाही.

तेत्सुजी : हिगाकीसान, मला दिसत नाही. माझे डोळे गेल्याला दीड वर्ष झालं. ही माझी बायको, हिला बेसबॉल आवडत नाही. आम्हा दोघांना मिळून जे दिसलं ते सांगायला आलोय. पाच मिनिटं द्या. खोटं निघालं तर आयुष्यभर तोफू फुकट.

किनुए : अहो!

हिगाकी : (हसून) बरं. काय करू?

किनुए : तिथं उभे राहा. मी इथं, तुमच्या डाव्या... नाही, जरा वळा, हां. चेंडू आत धरा, जसा सामन्यात धरता. टाकू नका. नुसता धरा.

हिगाकी : धरला.

किनुए : मिटलाय. सरळ चेंडू.

हिगाकी : ...आता?

किनुए : बेचक्याचा.

हिगाकी : आता?

किनुए : बेचक्याचा. आता परत बेचक्याचा. आता सरळ. आता, थांबा, तुम्ही मुद्दाम फसवताय, आत बोटं चाळवताय. सरळच.

तेत्सुजी : बरोबर आलं का?

किनुए : तो बोलत नाहीये.

तेत्सुजी : म्हणजे बरोबर आलं.

हिगाकी : ...सगळे. एकूण एक. अरे देवा. सहा सामने! सहा सामने मी पत्ते उघडे टाकून खेळतोय!

किनुए : रडू नका हो. एवढा मोठा माणूस.

हिगाकी : रडत नाही काकू, हसतोय. मला वाटत होतं माझा हात संपला. साहेब म्हणालेत, पुढच्या शनिवारी बुल्स परत येतायत, शेवटची संधी. नाही जमलं तर राखीव संघात. एकतिसाव्या वर्षी राखीव संघात गेलेला पिचर परत येत नाही. रात्र रात्र छताकडे बघत पडलो होतो.

तेत्सुजी : पण दहा दिवसांत पकड बदलेल का?

हिगाकी : पकड नाही बदलता येत काका. बोटं ताणायलाच लागतात. हात द्या तुमचा. हे बघा. चेंडू असा बसतो.

तेत्सुजी : बाप रे. बोटांचं मूळ फाटेल की माणसाचं. किती वर्षं बघत होतो मी हा चेंडू, आणि इतका दुखतो हे कळलंच नव्हतं.

हिगाकी : ताणल्यावर हात रुंद होतो, मग ग्लोव्ह उघडणारच. लपवू कसा?

किनुए : लपवता कशाला? सरसकट फुगवा.

हिगाकी : म्हणजे?

किनुए : दर वेळी बेचक्यात धरा. सरळ टाकायचा असला तरी आधी बेचक्यात. मग आतल्या आत पकड बदला. ओरडू दे त्या पोटवाल्याला. दर वेळी ‘नीट बघ, नीट बघ’ करत बसेल.

हिगाकी : ...काका, या तुमच्या घरी कशा काय राहिल्या इतकी वर्षं गप्प?

तेत्सुजी : गप्प? ही?

(पुढच्या आठवड्यातला शनिवार, दुपार. स्टेडियमची तीच बाजू. नववा डाव चालू आहे.)

हानावा : काका, आमच्या मंडळींना आज झालंय काय? आंधळ्यासारखी बॅट... माफ करा. तोंडातून निघून गेलं.

तेत्सुजी : निघू दे. आंधळा माणूस आज मजेत आहे. दोन-एक. पुढे कोण आहे, सांगा जरा.

हानावा : क्रेन्स. अजून एक बाद केला की संपलं. पण एक माणूस बेसवर उभा आहे आणि आता येतोय...

किनुए : जाडा. चव्वेचाळीस.

तेत्सुजी : हाच यायचा होता! किनुए, हात दे. नको, हात नको, तू सांगत राहा.

किनुए : फुगला.

तेत्सुजी : ‘नीट बघ’ ओरडला बघ तो. ‘फट्’! सरळ! त्यानं सोडला?

किनुए : सोडला. नुसता बघत राहिला. आता मागे वळून त्या पोटवाल्याकडे बघतोय. रागावलाय.

हानावा : अरे मार की रे! चांगला होता, सोडलास तरी एक मोजला गेला! काकू, हे तुम्ही केलंत. मला माहीत आहे. मी कान साफ करत होतो, तरी माहीत आहे.

किनुए : तुम्ही साकाईला जाऊन कुणाला सांगितलं नाहीत?

हानावा : सांगितलं असतं. पण दोन आठवडे काकांचं ‘पलीकडून पाठ दिसते’ डोक्यातून जाईना. बायको म्हणाली, राहू दे, एखादा सामना हरलो तर मरत नाही आपण. आत्ता वाटतंय मरतो.

किनुए : फुगला.

तेत्सुजी : ‘थप्प’! बेचक्याचा! फिरवली, हो ना? वारा ऐकला मी!

किनुए : फिरवली आणि गुडघ्यावर बसला. टोपी पडली त्याची. म्हणजे दोन झाले ना? तीन झाले की बाद?

तेत्सुजी : तीन झाले की बाद. तुला कुणी सांगितलं?

किनुए : अहो, मला इतकी वर्षं ऐकू येत होतंच की. हिगाकी उभा आहे. घाम पुसतोय. कॅचर कोणता टाकायचा त्याच्या खुणा करतोय, हा मान हलवतोय. नाही म्हणाला. परत नाही म्हणाला. आता हो म्हणाला. सगळे उभे राहिलेत, मला दिसत नाही. हानावासान, खाली बसा! हां. चेंडू छातीशी घेतला. फुगला.

तेत्सुजी : कोणता असेल?

किनुए : मला कसं कळणार? आता कुणालाच कळणार नाही.

तेत्सुजी : ...‘फट्’!

हानावा : संपलं. उभाच राहिला. माझा माएगावा नुसता उभाच राहिला.

तेत्सुजी : जिंकलो! किनुए, जिंकलो! हानावासान, या, गळ्यात पडा, कुणाच्या तरी पडायलाच हवं मला. द्या तुमची ती ताकोयाकी, खातो आज.

हानावा : थंड झालीत काका.

तेत्सुजी : थंड खातो. किनुए, हिगाकी काय करतोय? सांग ना. गप्प का झालीस?

किनुए : ...मध्ये उभा आहे. सगळे त्याच्या पाठीवर थापा मारतायत. तो टोपी काढून इकडे, या बाजूला वाकतोय. इकडे सगळे बुल्सवाले, त्यांना कळत नाहीये हा कुणाला वाकतोय.

तेत्सुजी : तूही वाक की.

किनुए : वाकले.

तेत्सुजी : तुझा आवाज असा का येतोय? रडतेस?

किनुए : छे हो. ऊन डोळ्यावर येतंय.

तेत्सुजी : ऊन मागून आहे, किनुए. माझ्या पाठीला लागतंय.

किनुए : मग रडत असेन.