बाइंडरच्या फोनवरून बाइंडरला

बाइंडर: लिही. "चष्मेवाल्या, तू गावाचे डोळे तपासतोस, पण नदीवरचा एवढा मोठा नवा पूल तुला दिसत नाही."

चष्मेवाला: हळू सांग. "…पूल तुला दिसत नाही." पुढे?

बाइंडर: "आमच्या पक्षानं बांधला ना, म्हणून तुझ्या पोटात दुखतं."

चष्मेवाला: पोटात दुखतं. गेलं ग्रुपवर. तुझ्या हाताला प्लास्टर चढल्यापासून मला मारायचे टोमणे मीच टाइप करतोय. निदान टोमण्यात दम तरी असू दे.

बाइंडर: उजवा हात गळ्यात अडकवलाय, पुस्तकांची शिलाई बंद, कटिंग मशीनवर धूळ. एवढं सुचतंय तेच खूप. डाव्या हातानं एक अक्षर दाबायला जावं तर तीन उमटतात. तू शेजारच्या टेबलावर नसतास तर मी तुझ्याशी भांडलो कसा असतो?

चष्मेवाला: बरं, आता माझं उत्तर. मध्ये बोलू नकोस.

बाइंडर: मोठ्यानं वाच म्हणजे झालं.

चष्मेवाला: "बाइंडर, तुझं नुसतं हाड नाही, डोकंही प्लास्टरमध्ये आहे. पूल राहू दे बाजूला. कॅप्टनला तू जे बोललास ते चुकलं. सगळ्यांसमोर बोललास, आता सगळ्यांसमोर माफी माग." पाठवलं.

बाइंडर: यात कॅप्टन कुठून आला? पुलावरून चाललं होतं ना आपलं?

चष्मेवाला: तोंडानं सांगून तू ऐकत नाहीस. शाळेपासूनचा मित्र ग्रुप सोडून गेला, दुकानात यायचा बंद झाला, आणि तू आपला पुलाचे फोटो टाकत बसलायस.

बाइंडर: अरे, चेष्टेत बोललो होतो मी. तू इथंच होतास. मी हसत होतो की नाही?

चष्मेवाला: हसत होतास. पोट धरून हसत होतास.

बाइंडर: मग?

चष्मेवाला: मग काय? तू सांगितलंस तेवढं मी लिहिलं. "कॅप्टन, तू ज्याचा चहा पितोस त्याचा झेंडा धरतोस." तुझं हसणं त्यात कुठं घालायचं?

बाइंडर: एखादं हसरं तोंड टाकायचंस की. स्वतःच्या मेसेजमध्ये ढिगानं टाकतोस.

चष्मेवाला: तू कधी टाकत नाहीस. तुझ्या नावानं जायचं म्हणून मीही टाकलं नाही. आपलं इमानेइतबारे लिहीत गेलो.

बाइंडर: इमान. तुझ्या इमानापायी माझा मित्र गेला.

चष्मेवाला: माझाही गेला.

बाइंडर: …माझा फोन केवढा वाजतोय बघ. काय म्हणताहेत?

चष्मेवाला: केमिस्टनं हात जोडलेत. "बाइंडर, मानलं तुला." वकील म्हणतोय, "स्वतःच्या डोक्याला प्लास्टर म्हणायला मोठं मन लागतं." थांब. हा माझ्या हातात कुणाचा फोन आहे?

बाइंडर: माझा. कोपऱ्यात चरा आहे बघ.

चष्मेवाला: जावयाला बजावलं होतं मी, दोन्ही एकसारखे आणू नकोस म्हणून. एकाला लाल कव्हर तरी घालायचं.

बाइंडर: म्हणजे माझ्या नावानं मीच मला झापलंय?

चष्मेवाला: आणि कॅप्टनची माफी माग म्हणून स्वतःलाच सांगितलंयस.

बाइंडर: काढ. आत्ताच्या आत्ता काढून टाक ते.

चष्मेवाला: निम्म्या ग्रुपनं वाचलंय. आता काढलंस तर म्हणतील, माफीचं नाव निघाल्याबरोबर पळाला.

बाइंडर: मग लिही, चुकून गेलं म्हणून.

चष्मेवाला: काय सांगू? तुझंही मीच लिहितो आणि माझंही मीच? आपल्या भांडणात माणसं बाजू घेऊन बसलीत. वकील तर माझ्या बाजूनं घसा कोरडा करतोय. त्याला कळलं की दोन्हीकडून मी एकटाच भांडत होतो, तर काय तोंड दाखवू?

बाइंडर: मी कॅप्टनला फोन लावला होता. तुला बोललो नाही. रिंग वाजायला लागली की ठेवून द्यायचो. माझ्या तोंडून ते शब्द निघत नाहीत रे.

चष्मेवाला: आता निघालेत.

बाइंडर: तुझे आहेत ते.

चष्मेवाला: नाव तुझं आहे. बोल, काढू?

बाइंडर: …राहू दे.

(दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला येतात तेव्हा पायरीवर कॅप्टन बसलेला. शाळेच्या संघाचा कप्तान होता, ते नाव तेव्हापासूनचं. पुढं जन्मभर बस चालवली. वेळेआधी पोचायची खोड काही गेली नाही.)

कॅप्टन: केमिस्टनं पाठवलं मला ते. "नुसतं हाड नाही, डोकंही प्लास्टरमध्ये." झकास लिहिलंयस.

बाइंडर: कॅप्टन, ते मी लिहिलेलं नाही.

चष्मेवाला: अरे, गप्प बस ना.

बाइंडर: सांगू दे मला. यानं ते मला लिहिलं होतं, चुकून माझ्याच फोनवरून गेलं. त्यातला एक शब्द माझा नाही.

कॅप्टन: ठाऊक आहे मला.

चष्मेवाला: तुला कसं ठाऊक?

कॅप्टन: याला दवाखान्यात कोण घेऊन गेलं होतं? बोटांपर्यंत प्लास्टर घालताना मीच उभा होतो शेजारी. आणि लगेच ग्रुपवर हा पानभर लिहायला लागला. इथं तुझ्याशिवाय दुसरं असतं कोण?

बाइंडर: मग ते चहाचं मी बोललो आणि यानं लिहिलं, हेही कळलं होतं?

कॅप्टन: त्याचंच तर लागलं. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं लिहून घ्यायचं. वाटलं, दोघांनी मिळून ठरवलंय. तुम्ही पुलावरून एकमेकांच्या उरावर बसता आणि मग एकाच डब्यातलं जेवता. मी मुलाच्या घरी असतो. तो आणि सून कामावर जातात, घरात चिटपाखरू नसतं. मी तिथं बसून तुमचं नुसतं वाचतो. झेंड्याचं मला काही नाही रे. पण चहा प्यायला मी इथंच यायचो, दुसरीकडे कुठं?

चष्मेवाला: हसत होता तो, कॅप्टन. पोट धरून. मी लिहायला पाहिजे होतं.

कॅप्टन: मला तिकडं कसं दिसणार?

बाइंडर: नाही दिसणार. चुकलं माझं. आणि हे याचं नाही, माझं आहे.

कॅप्टन: ऐकलं.

चष्मेवाला: पण माफीचं याचं नव्हतं हे माहीत होतं, तर तू आलास कशाला?

कॅप्टन: सकाळी उठल्यावर केमिस्टला विचारलं, ते अजून आहे का? म्हणाला, आहे की. हा माणूस चौथीत गणित चुकलं तर पान फाडून खायचा. म्हटलं, यानं स्वतःच्या नावावर ते ठेवून घेतलंय ना, मग जाऊन यावं.

बाइंडर: एकदाच खाल्लं होतं.

कॅप्टन: मी शेजारी बसायचो. मला सांगू नकोस.

चष्मेवाला: घेऊ का मग ग्रुपमध्ये परत?

कॅप्टन: घे. पण घरून नाही भांडणार मी. इथं बसून भांडेन. माझं स्टूल कुठं गेलं?

बाइंडर: पुठ्ठे रचलेत त्याच्यावर. थांब, काढतो.

कॅप्टन: एका हातानं काय काढतोस? हो बाजूला. हां. आता ऐक. तो पूल चुकीच्या जागी बांधलाय.

बाइंडर: चष्मेवाल्या, फोन घे. लिही.

चष्मेवाला: काय लिहू? समोर बसलाय तो.

बाइंडर: हो की. मग चहा सांग. तीन.