दत्ताभाऊंच्या मागच्या खोलीतली गाणी

जमलेल्या सगळ्या मंडळींना नमस्कार.

माझी उभी हयात मुलांना गाणं शिकवण्यात गेली. त्यामुळे सुलभाताईंना चारचौघांत बोलायला काही वाटत नाही, असा आपल्याकडे समज आहे. आज वाटतंय. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

दत्ताराम मांडवकर गेले. आपले दत्ताभाऊ. गेल्या आठवड्यात, सकाळी, आपल्या घरात, आपल्या खाटेवर गेले. शालिनी, त्यांची बायको, माझी मैत्रीण शालू, इथे पुढेच बसली आहे. शालू, मी आज काय बोलणार ते तुला विचारलं होतं. तू म्हणालीस, "जे झालं ते सांग. गोड करून सांगू नको." म्हणून तसंच सांगते.

दत्ताभाऊ पालीच्या आतल्या बाजूच्या गावातले. घरी भातशेती. गावातली बाकीची मुलं मुंबईला गिरणीत, हॉटेलात गेली. हे बोटीवर गेले. इंजिनाच्या खोलीत फिटर म्हणून लागले आणि मालवाहू बोटींवर आफ्रिकेचा सगळा किनारा फिरले. मोम्बासा, लागोस, आक्रा, काँगो नदीवरचं मताडी. लोक परदेशातून काय आणतात? साबण आणतात, सेंट आणतात, साडी आणतात. दत्ताभाऊंनी गाणी आणली. पेटीत कपड्यांच्या घड्या घालून, मध्ये तबकड्या ठेवून आणली. नाचायच्या गाण्यांच्या तबकड्या, बँडबाज्याच्या तबकड्या, पुढे कॅसेटी. नोकरी सोडून इथे नाचणे गावात आमच्या शेजारी घर बांधलं, तेव्हा मागची एक खोली त्यांनी या गाण्यांना दिली.

आमच्या आणि त्यांच्या घरात फक्त कुंपणाचा एक जांभ्या दगडाचा गडगा आहे. पहिल्या रविवारी दुपारी तो आवाज आला आणि मी तणतणत गेले. माझ्याकडे मुली यमन घोटत होत्या हो! म्हटलं, "भाऊ, हे काय लावलंय?" ते म्हणाले, "ताई, भांडायचं तर भांडू. पण हे एवढं संपू दे."

मी उभ्या उभ्या ऐकलं. आधी मला नुसता गोंगाट वाटला. मग ते बोट वर करून म्हणाले, "गाणाऱ्याकडे बघू नका. गिटारी ऐका. तीन आहेत. एकीला धरा आणि सोडू नका." मी एकीला धरलं. गाणं संथ चाललं होतं. मग गाणारा थांबला, आणि ते म्हणाले, "आता येईल बघा." आणि ती गिटार सुटली! तेच चार सूर, पुन्हा तेच, पुन्हा तेच, आणि दर वेळी वेगळे. मी गाणं शिकवणारी बाई. मला लय कळते अशी माझी समजूत होती. त्या दिवशी माझा पाय माझ्या परवानगीशिवाय हलला.

भांडण राहिलंच. मी दर रविवारी जायला लागले. माझे यजमानही यायला लागले. रविवारची बाकीची मंडळी आज समोर बसली आहेत, त्यांना सगळं आठवत असेल. आपल्या दमट हवेत तबकड्यांना बुरशी धरते, म्हणून ते रिठ्याच्या पाण्याने त्या धुवायचे आणि जुन्या धोतरावर वाळत ठेवायचे. दक्षिण आफ्रिकेचा सॅक्सोफोन लागला की डोळे मिटून बसायचे. तो वाद्यातून बोलतो, म्हणायचे, गोऱ्यांच्या राज्यात तोंडाने बोलायला तिकडे बंदी होती ना. शालू सगळ्यांना चहा आणायची आणि दारात उभी राहून म्हणायची, "इंजिनाच्या आवाजाने कान गेले, तरी यांना आणखी आवाज हवाच." पण हसून म्हणायची. त्या घरात तेव्हा हसणं होतं.

त्यात एक गाणं होतं घानाचं. तुताऱ्यांसारखी पितळी वाद्यं, खाली ढोल, आणि एक माणूस अगदी सहज, आपल्या अंगणात बसल्यासारखा गातोय. भाषा कुणालाच कळत नव्हती. दत्ताभाऊंनासुद्धा नाही. पण चाल अशी, की लग्नातलंच गाणं असणार असं आम्ही ठरवून टाकलं होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा निलेश या गाण्यावर वाढला. पाळण्यात रडायला लागला की हेच लावायचे. वाढदिवसाला हेच. पोरगा चालायला लागला आणि त्याच्यावर डुलायला लागला. मी स्वतः त्याला कडेवर घेऊन नाचले आहे.

निलेश शिकला, बोटीवरच गेला. बाप फिटर होता, पोरगा इंजिनियर झाला. शालूला नको होतं. दत्ताभाऊ म्हणाले, "आपण दर्याची माणसं नव्हतो, झालो. आता त्याला कसा अडवू?"

पुढचं तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. तरी मी सांगणार आहे, कारण इतकी वर्षं आपण ते कुजबुजत सांगत आलो.

निलेशची बोट पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नांगर टाकून उभी होती. बंदुका घेतलेली माणसं होडीतून आली आणि काही जणांना उचलून घेऊन गेली. त्यात निलेश होता. खाडीच्या आतल्या जंगलात ठेवलं होतं म्हणे. इथे फोन यायचे. बोलणी चालली आहेत, धीर धरा. बोलणी चालली आहेत, धीर धरा. शालू फोनपाशी बसून जेवायची, फोनपाशीच झोपायची. शेवटी माणसं सुटली. आपला निलेश त्यांच्यात नव्हता. तिथे त्याला ताप आला होता. औषध नव्हतं. तिथेच गेला. तिथेच पुरला. शालूला मुलाचं तोंड दिसलं नाही.

मग काय झालं? लोक आले. आपण आलो. सांत्वन केलं. आणि सांत्वन करता करता नको ते बोललो. कुणी म्हणालं, त्या मुलखाने पोरगा खाल्ला, त्या तबकड्या फोडून टाका. कुणी त्या लोकांच्या रंगावरून बोललं. तेव्हा दत्ताभाऊ, जे कधी आवाज चढवत नसत, ते म्हणाले, "माझ्या ओटीवर असं बोलायचं नाही." एवढंच म्हणाले आणि आत गेले.

पण शालूने सांगितलं, "त्या मुलखातलं काही माझ्या घरात वाजता कामा नये." आणि त्यांनी ते मानलं. मागच्या खोलीला कडी लागली. रविवार आले, गेले. गडग्यापलीकडून कसलाही आवाज नाही. मंडळी, शांतता आपल्याला चांगली वाटते. ती चांगली नव्हती.

काही वर्षांनी घानाहून एक फोन आला. क्वामे नावाचा माणूस. निलेशच्याच बोटीवर होता, त्याच्याबरोबर पकडला गेला होता आणि सुटला होता. नंबर मिळवायला त्याला इतका काळ लागला, की धीर व्हायला लागला, ते मी विचारलं नाही. दत्ताभाऊंनी मला गडग्यावरून हाक मारली. "ताई, या. मला एकट्याला ऐकवणार नाही." मी गेले. शालू उठून स्वयंपाकघरात गेली.

क्वामे सावकाश बोलत होता. म्हणाला, निलेश तिथे एक चाल गुणगुणायचा. मी चमकलो. हे तर आमच्याकडचं गाणं, माझ्या आजोबांच्या वेळचं. त्याला म्हटलं, हे तुला कसं माहीत? तो म्हणाला, हे माझ्या बाबांचं गाणं आहे. याचा अर्थ काय ते सांग, आमच्या घरी कुणालाच माहीत नाही.

दत्ताभाऊंनी विचारलं, "काय आहे अर्थ?"

क्वामे म्हणाला, हे मयताचं गाणं आहे. गाणारा गेलेल्या माणसाला विचारतो, तू गेलास ती वाट एवढी कशी आवडली, की मागे वळून बघितलंही नाहीस? आमच्याकडे माणूस गेला की हे वाजवतात, आणि लोक नाचतात. दुःखाने कोसळू नये म्हणून नाचतात.

मग तो म्हणाला, शेवटी मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्याने सांगितलं म्हणून ते गाणं म्हटलं. शब्दांसकट.

दत्ताभाऊंनी एकच विचारलं. "तो घाबरला होता का?"

क्वामे म्हणाला, "हो. घाबरला होता."

नंतर दत्ताभाऊ मला म्हणाले, "खोटं बोलला असता तर चाललं असतं त्याला. नाही बोलला. म्हणून बाकीच्यावर माझा विश्वास बसला."

पण त्या दिवशी फोन ठेवल्यावर ते आधी वेगळंच बोलले होते. कपाळाला हात लावून म्हणाले, "पाळण्यातल्या पोराला मी मयताचं गाणं लावत होतो." ते शालूने स्वयंपाकघरातून ऐकलं. ती दारात आली आणि म्हणाली, "तुम्हीच बोलावलंत ते."

शालू, तू सांगितलंस म्हणून हे मी सांगतेय.

दत्ताभाऊंनी मागच्या खोलीची कडी काढली आणि कानाला हेडफोन लावून ऐकायला बसले. मी विचारलं, "भाऊ, आता कसं ऐकवतं तुम्हाला?" म्हणाले, "पोरगा शेवटी हेच ऐकत गेला. मग आता मी दुसरं काय ऐकू?" एका घरात ती दोघं राहिली. पुढच्या खोलीत ती, मागच्या खोलीत ते. जेवायला एकत्र बसायची. ते गुहागरला बहिणीकडे गेले की ती दिवेलागणीला गेटपाशी येऊन उभी राहायची. प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. पण मधली भिंत शेवटपर्यंत राहिली.

मग त्यांची फुफ्फुसं गेली. जुन्या बोटींच्या इंजिनात पायपांना जे ॲस्बेस्टॉस गुंडाळलेलं असायचं, त्याची धूळ. तरुणपणी ते नुसत्या हातांनी काढलं होतं, डॉक्टर म्हणाले, ती धूळ आता वर आली. श्वास घेणं म्हणजे त्यांचं दिवसभराचं काम झालं. हेडफोनचं ओझंही सहन होईना.

एक दिवस शालू माझ्याकडे आली. म्हणाली, "सुलभा, खाट मागच्या खोलीत हलवलीय. मला ते यंत्र लावता येत नाही. तू येऊन लावशील?"

मी म्हटलं, "आणि तू?"

"मी ऐकणार नाही गो. पण त्यांना लाव."

मी रोज दुपारी जाऊ लागले. मी तबकडी लावायचे, दार ओढून घ्यायचे. शालू दाराबाहेर पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसायची. हातात काहीतरी काम. फणसाच्या आठळ्या सोलायची, नाहीतर तांदूळ निवडायची. एकदा गाणं ऐन रंगात आलं आणि लाईट गेली. तबकडी मंदावली. गाणाऱ्याचा आवाज खाली खाली गेला, घोगरा झाला आणि थांबला. दाराबाहेरून शालूने विचारलं, "संपलं का गो?"

मी म्हटलं, "नाही. लाईट गेली."

ती म्हणाली, "मग येईपर्यंत थांब. अर्धं नको ठेवू."

दत्ताभाऊ भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांचे खांदे हलत होते. खोकत होते की रडत होते, ते मी पाहिलं नाही.

ते गेले तेव्हा काही वाजत नव्हतं. मी तिथे नव्हते. शालू होती. श्वास थांबला तेव्हा त्यांचा हात तिच्या हातात होता, एवढं तिने मला सांगितलं. 

दुसऱ्या दिवशी मी क्वामेला फोन करून कळवलं. तो मोठ्याने रडला. शालू शेजारी बसली होती. इतक्या वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिने हात पुढे केला, फोन घेतला. तिला इंग्रजी येत नाही. मराठीतच म्हणाली, "माझ्या पोराला ठेवलंय तिथे सावली आहे का?" आणि फोन मला दिला. मी विचारलं. क्वामे म्हणाला, आहे. मोठं झाड आहे. त्याचं नाव मला माहीत नाही. आम्ही मुद्दाम तिथेच खणलं.

मी शालूला सांगितलं. ती म्हणाली, "बरं." आणि आत जाऊन पडली.

मंडळी, आज इथे त्यांचं एखादं गाणं लावावं असं रविवारच्या मंडळींपैकी काहींच्या मनात होतं. मी शालूला विचारलं. ती नको म्हणाली. आपण ते मानू या. दत्ताभाऊंनीही मानलं होतं.

पण एक मागणं आहे, आणि ते शालूचं आहे. निलेशसाठी आपण कधी असे जमलोच नाही. देह आला नाही, आणि तेव्हा शालू कुणाला जमू देत नव्हती. आज सकाळी ती मला म्हणाली, "उभे राहतील तेव्हा दोघांसाठी राहू देत."

म्हणून सगळ्यांनी उभं राहावं. शालू, तू बसूनच राहा, मी तुझ्याजवळ येते.

दत्ताराम मांडवकर. निलेश दत्ताराम मांडवकर. बाप-लेक दोघांना आपण आता काही न बोलता नमस्कार करू या.