चिंचोक्यांचं मिठागर

— बसा दिवाणजी, बसा त्या फळीवर, ओली नाय ती. काय म्हणालात? मांडणी शिकवू? तुम्हाला? अहो, राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून ठाण्यात दिवे लागले, त्या साली तुमच्या शेटांनी तुम्हाला शेला-पागोटं दिलं ते कशाबद्दल? मिठागराची नवी मांडणी केली म्हणूनच ना? मग ज्याने केली त्याने करावी पुन्हा. — खाली बघू नका. चार वर्षं वाट बघितली मी, तुम्ही या बांधावर कधी येता त्याची. आलात, तर ऐकूनच जा.

माझा धाकू तुमच्याकडे मुकादम. मी त्याची बायको हौसा, टोपली वाहणारी. तेव्हा काय चालायचं, आठवतं? सकाळी सगळे पुरुष सगळ्या वाफ्यांत एकदमच मीठ ओढायला उतरायचे, आणि आम्ही चाळीस बायका बांधावर हातावर हात धरून. ऊन डोक्यावर आलं की सगळं मीठ एकदमच तयार — एका हातभर बांधावरून चाळीस जणी, ह्या जाणाऱ्या, त्या येणाऱ्या, धक्काबुक्की, टोपली पाण्यात, वर तुमच्या शिव्या. मला वाटायचं, हे असंच असायला हवं का? विचारणार कुणाला? घरी आले, अंगणात राखेने मिठागर काढलं — वाफे, बांध, रास, खाडीचं पाणी आत घ्यायची उघाडी, सगळं. चिंचोके म्हणजे बायका, शिंपले म्हणजे पुरुष. आणि बसले सरकवत. धाकू हसायचा, म्हणायचा, अगं, सागरगोटे खेळायचं वय आहे का तुझं? पण मग तोही बसायचा शेजारी. दोन महिने खेळलो आम्ही. वाफ्यांच्या तीन पट्ट्या केल्या — एकीत पाणी, एकीत मीठ धरतंय, एकीतलं ओढायचं — म्हणजे रोज थोडं थोडं निघणार. जायची वाट वेगळी, यायची वेगळी. अंगणात काय झकास चालायचं!

आणि खऱ्या बांधावर? धाकूने तसंच लावून बघितलं, चार दिवसांत बोऱ्या वाजला. का? चिंचोके सगळे सारखे असतात, दिवाणजी, माणसं नसतात. बायजाच्या अंगावर पितं लेकरू, ती मध्येच उठणार. सखुबाईचा गुडघा धरलेला. तुळसा एकटी दोघींचं वाहील, पण सासूच्या मागे चालायला लावली की पाय ओढणार. मग कोळशाने एकेका चिंचोक्यावर खूण केली — ही बायजा, ही सखू — आणि पुन्हा पहिल्यापासून मांडलं. लेकुरवाळींना जवळची पट्टी. दुपारी सगळ्यांना घटकाभर सावली. शिमग्यापर्यंत रास माडाच्या कमरेला लागली होती की नाय? सांगा ना, लागली होती की नाय?

लागली, म्हणून तर शेट बघायला आले. तुम्ही पुढे होऊन सांगितलंत, ही माझी अक्कल. मी टोपली खाली ठेवली, म्हटलं, शेट, हे आम्ही मांडलं. त्यावर तुम्ही काय बोललात? — ‘बाईला मिठाची चव कळते, मिठागर नाय कळत.’ शेट हसले. माझ्यासोबतच्या बायकाही हसल्या, भीतीने. आणि धाकू खोटं बोलणार नाय, हे ठाऊक होतं म्हणून आठ दिवसांत त्याला काढलंत. तो मुंब्र्याच्या डोंगरात दगड फोडायला गेला. खाडीचा माणूस तो, डोळे मिटून भरती-ओहोटी सांगणारा — दगडांत गेला, आणि पावसाच्या आधी तापाने गेला. तोंडात पाणी घालायला मी नव्हते.

रडले नाय मी. चिंचोके पदरात बांधले, खाडीचा हा फाटा ओलांडला आणि इकडच्या ह्या दुसऱ्या शेटांच्या दारात उभी राहिले. ते म्हणाले, एक पट्टी घे, करून दाखव. दाखवली. तिकडे तुम्ही काय करत होतात? मांडणी चांगली आहे, मग कमी माणसांत भागेल म्हणून दहा बायका कमी केल्यात. सावली बंद केलीत. खेळ उचललात माझा, पण खुणा उचलल्या नायत. आधी बायजा आली इकडे, मग सखुबाई, मग तुळसा. मी कुणाला बोलवायला गेले नाय. — गेले. खोटं कशाला बोलू? एकेकीच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. तुमचं मिठागर मला ओसाड बघायचं होतं.

आणि हे चैत्राच्या अवसेचं उधाण. तुमच्या उघाडीची फळी किडीने खाल्लेली. धाकू दर दोन वर्षांनी बदलायचा, तुम्हाला ती कधी दिसलीच नाय. मला दिसत होती, इथूनच. भरती चढत होती आणि फळीतून पाणी पिचकारत होतं. इथून हाक मारली तर तिकडे ऐकू जाते. तुळसा मारणारच होती — मी तिच्या तोंडावर हात दाबला. हो, मीच. बघत राहिले. फळी फुटली, सगळ्या हंगामाचं मीठ विरघळून खाडीत गेलं, आणि मला वाटलं, आज कितीतरी दिवसांनी पोटभर जेवावं.

उठलात? शेटांना सांगता? सांगा की. म्हणावं, मिठागर त्या टोपलीवालीने उभं केलं आणि तिनेच बुडवलं. हसतील ते. हसायला तुम्हीच शिकवलंत त्यांना. — काय? फळीपाशी माणूस होता? मला एवढ्या लांबून काय दिसणार... दिसत होता. काळुराम, माझा धाकटा दीर, तुमच्याकडे राखणीला राहिलेला. भावाला काढलंत तरी राहिला, म्हणून मी बोलणं टाकलं होतं त्याच्याशी. फळीला पाठ लावून पाणी थोपवत उभा होता, एकटा. मला वाटलं, सरेल बाजूला. खाडीवर वाढलेला पोर, त्याला कळत नाय होय? सरेलच, म्हणत होते मी... सरला नाय.

त्याचा पाय — वैद्य काय म्हणतो?

नको. सांगू नका. निघा तुम्ही, पाणी उतरलं की होडी चिखलात बसेल. — तुळसे, इकडे काय बघतेस? उचल ती टोपली.