शंभरापासून उलटे

उत्तरेकडच्या महानगरातल्या दातांच्या दवाखान्यात शेजारच्या जोडप्याकडून मराठी ऐकू आलं. नवरा एअरफोर्सच्या गणवेशात होता.

“प्रतिमा, संमोहनानं दाढ काढायची?”

“बधिर करायचं इंजेक्शन मला चालत नाही. संमोहनात दुखणं कमी जाणवतं. तीनदा सराव केलाय.”

“मग मी कशाला?”

“डॉक्टर शंभरापासून उलटे हिंदीत मोजतात. उनासी म्हणजे एकोणऐंशी की एकोणनव्वद, हे आठवताना मी जागी होते. तुम्ही मराठीत मोजा.”

“माझा विश्वास नाही यावर.”

“माझा आहे.”

“दुखलं तर?”

“हात वर करीन. डॉक्टर थांबतील.”

“आणि मीच अडखळलो तर?”

“रुचाच्या जन्माच्या वेळी तुम्ही पोस्टिंगवर होतात. कळा मी एकटीनं मोजल्या. आज तुम्ही मोजायचं.”

“अच्छा. शंभर, नव्याण्णव...”

“आवाज थरथरतोय. पुन्हा शंभरापासून.”